मेदोकची २०१० ची वाइन: तीन बाटल्या उघडल्या, तीन उरल्या

प्रश्न (पुणे)

नमस्कार. माझे मेहुणे फ्रान्समध्ये तुलूझला नोकरीस असताना त्यांनी तीन खेपांत, दोन-दोन करून, बोर्दोजवळच्या मेदोक भागातील २०१० सालच्या रेड वाइनच्या सहा बाटल्या आणून दिल्या. लेबलावर कॅबर्ने सोव्हिन्यों ६० टक्के, मर्लो ३५ टक्के आणि पेती व्हेर्दो ५ टक्के असे तीन द्राक्षजातींचे मिश्रण लिहिले आहे. सर्व बाटल्या मी वाइनसाठीच्या छोट्या फ्रिजमध्ये १३ अंशांवर आडव्या ठेवल्या आहेत.

पहिली बाटली २०१५ च्या दिवाळीत उघडली. तेव्हा रंग काळपट जांभळा होता, वास पिकल्या करवंदांची आठवण देणारा होता आणि तुरटपणा इतका की ओंजळभर जांभळे खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तशी ती ओढली गेली. दुसरी २०१९ मध्ये उघडली आणि निराश झालो, कारण फळाचा वास ओसरला होता आणि त्याच्या जागी काहीच आलेले नव्हते. तिसरी गेल्या महिन्यात उघडली. तिच्या तळाशी गाळ होता, पेल्यातील वाइनची कड विटकरी दिसत होती आणि वास वाळलेल्या तंबाखूच्या पानांचा व जुन्या लाकडी पेटीचा येत होता. मला ती आवडली, परंतु सासरे म्हणाले की वाइन उतरली आहे. एकाच वाइनची ही तीन रूपे कशी समजून घ्यावीत आणि उरलेल्या तीन बाटल्यांचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (बोर्दो, फ्रान्स)

आपली वाइन उतरलेली नाही, ती मुरू लागली आहे. लोणच्याच्या बाबतीत आपण हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, जवळपास त्याच अर्थाने येथेही तो लागू पडतो: वेगवेगळ्या चवी आधी शेजारी-शेजारी असतात आणि मग एकजीव होतात.

मिश्रण का करतात, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे उलगडते. बोर्दोचे हवामान अटलांटिक महासागराच्या लहरीवर चालते. मर्लो लवकर पिकते, तिचे मणी मोठे व साल पातळ असते आणि ती वाइनला फळाची गोलाई देते. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते, मेदोकच्या गरम राहणाऱ्या खडेमिश्रित जमिनीत तिला ते साधते, आणि तिचे मणी लहान, जाड सालीचे असल्यामुळे रसाच्या मानाने साल व बी अधिक, म्हणून तुरटपणा आणणारे टॅनिनही अधिक. पेती व्हेर्दो त्याहूनही उशिरा पिकते व थोडक्या प्रमाणातही रंग आणि मसालेदार धार देते. एका जातीला पावसाने वा थंडीने गाठले तर दुसरी सावरते, हा शेतकऱ्याचा हिशेब या मिश्रणाच्या मुळाशी आहे. त्यात २०१० चा उन्हाळा कोरडा व रात्री थंड होत्या, त्यामुळे त्या वर्षीच्या वाइनमध्ये टॅनिन आणि आम्लता दोन्ही भरपूर आहेत. २०१५ मध्ये आपण ती फारच लवकर उघडली.

आता आपल्या तीन बाटल्यांकडे पाहू. पहिलीत मर्लोचे फळ आणि कॅबर्नेचा तुरटपणा यांची अजून ओळखही झालेली नव्हती. दुसरीच्या वेळी ताज्या फळाचा वास विरला होता, पण टॅनिन नरमले नव्हते. येथील लोक अशा काळात वाइन ‘बंद’ झाली असे म्हणतात, आणि तो काळ कधी कधी काही वर्षे टिकतो. तिसरीत कॅबर्ने बोलू लागली: देवदाराचे लाकूड, तंबाखू, पेन्सिलीचे शिसे. कोणता गंध कोणत्या जातीचा हे असे नेमके वाटून देता येत नाही हे मला मान्य आहे, तरी जातींची चाल वेगवेगळी असते हे मनात ठेवून चाखले की तीच वाइन अधिक कळते, असा माझा अनुभव आहे.

गाळाची चिंता नको. सालीतून आलेली रंगद्रव्ये टॅनिनशी जोडली जातात, त्यांच्या साखळ्या लांबतात, काही तुटून पुन्हा जुळतात आणि जड झालेला भाग तळाशी बसतो. जांभळ्याचे माणिकासारखे आणि मग विटकरी होणे हे त्याच प्रक्रियेचे दृश्य रूप आहे. वाइन खरोखर बिघडली असती तर ओल्या पुठ्ठ्याचा (हा दोष बुचातून येतो) किंवा व्हिनेगरचा वास आला असता.

उत्तर २ (नाशिक)

मी द्राक्ष बागायतदार आहे. वरील विवेचनाला एका बाबतीत आपल्याकडची पुस्ती जोडतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळासाठी गोडी छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये घड उतरवतात, म्हणजे मणी वाढत्या उन्हात पिकतात. साखर भरभर चढते आणि आम्लता घसरते. त्यामुळे येथील बहुतेक रेड वाइन तीन-चार वर्षांतच प्याव्यात असे मला वाटते, आणि बोर्दोचा दहा-पंधरा वर्षांचा हिशेब त्यांना लावू नये.

आणखी एक विनंती. पुण्याच्या मे महिन्यात वीज गेली की फ्रिजमधील तापमान वाढते. उष्णतेने बुच वर सरकते, हवा शिरते आणि वाइनला शिजवलेल्या फळाची मंद चव येते. तेव्हा आता उरलेल्या प्रत्येक बाटलीचे बुच तपासा. जी थोडीशीही पाझरली असेल ती आधी उघडा.

उत्तर ३ (मुंबई)

उघडण्याच्या आधी दोन दिवस बाटली उभी ठेवावी, म्हणजे गाळ खाली बसतो. मग मानेखाली दिवा धरून एका धारेत हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि गाळ मानेशी आला की थांबावे. कोवळ्या वाइनला दोन तास मोकळी हवा मानवते, परंतु या वयात गंध लवकर उडून जातात, म्हणून ओतल्यावर लगेच एक घोट घ्यावा व पुढे दर अर्ध्या तासाने. तापमान १७ अंशांच्या आसपास असावे. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कड पाहावी. जेवणात तिखट रस्सा टाळावा, कारण मिरचीने मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही बोचू लागतात. अळणी मटण उत्तम. त्यातील प्रथिने टॅनिनला बांधून ठेवतात.

प्रश्नकर्ता (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही बुचे तपासली. एका बाटलीच्या बुचाशी ओल दिसली, म्हणून तीच काल उघडली, अळणी मटणासोबत. पहिल्या अर्ध्या तासात तंबाखू आणि देवदार, तासाभराने एकदम सुकलेल्या काळ्या मनुकांचा गोडसर वास आला आणि तुरटपणा जिभेवर न ओढता हिरड्यांवर हलका रेंगाळला. शेवटच्या पेल्यात पावसाने भिजलेल्या पालापाचोळ्याचा गंध होता. सासऱ्यांनी दुसरा पेला मागून घेतला. उरलेल्या दोनपैकी एक २०२८ मध्ये उघडण्याचे ठरले आहे, दुसरीचे तिच्यावरून ठरवू.