शब्दचर्चा : ‘तीन मुठी’ की ‘तीन पसे’?

विचारणा : रूथ मिडलटन या आफ्रिकन-अमेरिकन बाईंनी १९२१ साली एका जुन्या सुती थैलीवर सुईदोऱ्याने दहा ओळी भरल्या. त्यांची पणजी रोझ गुलामगिरीत होती. तिची मुलगी अ‍ॅशली नऊ वर्षांची असताना दक्षिण कॅरोलायनात विकली गेली. तेव्हा आईने तिला ही थैली दिली. आत एक फाटका झगा, पेकानचे (अक्रोडासारखा सुका मेवा) ‘तीन हँडफुल’ आणि रोझच्या केसांची ‘ब्रेड’, म्हणजे वेणी. पुढे दोघींची भेट झाली नाही. २००७ साली टेनेसीतल्या जुन्या बाजारात ही थैली सापडली. नंतर काही वर्षं ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात होती. या दहा ओळी मराठीत आणतेय आणि पेकानपाशीच अडले आहे. मूठ, पसा की ओंजळ?

प्रतिसाद : ‘ओंजळ’ नको. ओंजळीला दोन्ही हात लागतात, आणि थैलीचं तोंड उघडं धरायला एक हात हवाच. ‘मूठ’ अर्थाने बरोबर आहे, पण ‘मूठभर’ म्हटलं की आपल्याला ‘थोडंसंच’ ऐकू येतं. इतिहासकार टिया माइल्स यांनी २०२१च्या पुस्तकात या एका थैलीचा माग काढलाय. त्या काळी दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात पेकान हा महागाचा जिन्नस होता, असं त्या दाखवतात. म्हणजे रोझने जे दिलं ते थोडंथोडकं नव्हतं. आमच्याकडे आजी शिधा देताना ‘पसाभर’ म्हणायची, एका हाताचा खोलगट तळवा भरून. माझं मत ‘तीन पसे पेकान’. मात्र ऐकताना ‘पसे’चं ‘पैसे’ होईल, ही भीती आहे.

प्रतिसाद : विकलेल्या मुलीच्या गोष्टीत ‘पैसे’ ऐकू येणं मला तरी सहन होणार नाही. ‘तीन मुठी’च ठेवा. आकडा मोजून सांगितलाय, तेवढ्याने ‘थोडंसं’पणा जातो. ‘वेणी’बद्दल : नुसती ‘वेणी’ लिहिलीत तर वाचकाला आधी फुलांची दिसेल, आणि त्यात आईचं नाव रोझ! ‘रोझच्या केसांचा पेड’ चालणार नाही, कारण पेड म्हणजे वेणीचा एक भाग. ‘बट’मध्ये गुंफण नाही. ‘रोझच्या केसांची वेणी’ असं पूर्ण लिहा, ‘केसांची’ गाळू नका.

विचारणारी : पटलं. आता खरी अडचण. आई म्हणते, ‘इट बी फिल्ड विथ माय लव्ह ऑलवेज’. हे ‘बी’ कसं आणायचं?

प्रतिसाद : ती चूक समजून दुरुस्त करू नका. कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत असं ‘बी’ नेहमी घडणारी गोष्ट सांगतं. ‘भरलेली आहे’ ही या क्षणाची गोष्ट झाली. ‘भरलेली असते’ जवळ जातं.

प्रतिसाद : पण ते ‘विल बी’चं तुटकं रूपही असू शकतं. निरोपाच्या वेळी आई पुढचंच बोलणार, ‘भरलेली राहील’. आणि कृपा करून रोझच्या तोंडी आपल्या जात्यावरच्या ओवीची बोली घालू नका. ती बाई कॅरोलायनाची आहे, तिला माणदेशात आणून बसवायचं कारण नाही.

विचारणारी : बोली घालणार नाही. ‘असते’ घेते, कारण थैली रूथपर्यंत पोचली तेव्हाही ती भरलेलीच होती. ‘प्रेम’ऐवजी ‘माया’. एक गोष्ट मात्र मराठीनेच हातात ठेवली : आपण थैलीही भरतो आणि कापडावर अक्षरंही भरतो. रोझने भरलं, रूथनेही भरलं, इंग्रजीत हे एका शब्दात येत नाही.

प्रतिसाद : ‘विकली गेली’चं काय करताय? त्यात विकणारा अदृश्य होतो. माइल्स आणि त्यांच्या आधी मानववंशशास्त्रज्ञ मार्क ऑस्लँडर यांनी चार्ल्स्टनच्या रॉबर्ट मार्टिन या धनिकाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत रोझ आणि अ‍ॅशली ही नावं एकत्र शोधली. त्या यादीत माणसांपुढे किमती लिहिलेल्या आहेत. रूथला घरातून नुसती गोष्ट मिळाली होती, कागद अभ्यासकांनी नंतर शोधला.

विचारणारी : रूथने नाव घातलं नाही, मीही घालणार नाही. पण ‘विकली गेली’ काढून ‘विकलं’ करते. ‘तिला विकलं’ म्हटलं की ‘कोणी?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. शेवटच्या ओळीत रूथ ‘अ‍ॅशली इज माय ग्रँडमदर’ म्हणते, ‘वॉज’ नाही. सध्याचा खर्डा असा :

‘माझी पणजी रोझ, अ‍ॅशलीची आई, हिने तिला ही थैली दिली, नऊ वर्षांची असताना दक्षिण कॅरोलायनात तिला विकलं तेव्हा. आत एक फाटका झगा, तीन मुठी पेकान, रोझच्या केसांची वेणी. म्हणाली, ही माझ्या मायेने भरलेली असते कायम. परत कधी दिसली नाही तिला. अ‍ॅशली माझी आजी आहे.’