डिपॉझिट पूर्ण परत मिळालंय का कुणाला? अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात घर सोडलं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं होतं, हातात पडलं एका महिन्याचं. मालककाकांनी वहीच्या पानावर हिशोब लिहून दिला: रंग, सफाई, आणि 'किरकोळ'. किरकोळचा आकडा सफाईच्या दुप्पट! चार वर्षं राहिल्यावर भिंती मळणारच ना? करारातही 'नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून' असं छापलंय. तर काका म्हणाले, "सगळेच कापतात गं."

खरंच सगळे कापतात? भाड्याचं डिपॉझिट, इसार (खरेदी पक्की करताना आधी देतात ती रक्कम), बुकिंगची रक्कम, काहीही चालेल. मालकमंडळींनीही लिहा, एकतर्फी नको.

*

माझं अख्खं गेलं. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडायचं नाही ती, अकरा महिन्यांचं; पाचव्या महिन्यात बदली झाली. महिनाभर आधी नोटीस दिली, तरी "लॉक-इन मोडलंत, डिपॉझिट जप्त" असा एका ओळीचा मेसेज आला. पुस्तकांचा एक खोका राहिला होता म्हणून दहा दिवसांनी गेलो, तर दारात दुसऱ्या बिऱ्हाडाच्या चपला. म्हणजे घर रिकामं राहिलं जेमतेम दहा दिवस आणि माझे गेले तीन महिन्यांचे पैसे. खोका मात्र नव्या भाडेकरूने नीट जपून ठेवला होता.

*

मी मालकीण. आमच्या भाडेकरूने शेवटचे दोन महिने भाडंच दिलं नाही, "डिपॉझिटमधून वळतं करा" म्हणाला. केलं. किल्ली घेतली, मग ओट्याखालचं दार उघडलं. सिंकची नळी चिकटपट्टीने गुंडाळलेली आणि खालची फळी इतकी फुगलेली की बोटाने तुकडे पडत होते. किती महिने गळत होतं देव जाणे. त्यात विजेचं बिलही थकलेलं. डिपॉझिट संपून वर माझेच पैसे गेले. आता किल्ली घेण्याआधी प्रत्येक नळ सोडून बघते, सिंकखाली वाकून हात फिरवते. कापते मीही, पण बिल दाखवून.

*

आमचा इसार बुडाला. जुना फ्लॅट घेत होतो, किमतीच्या १० टक्के दिले. इसारपावतीत एक वाक्य होतं, 'मुदतीत व्यवहार पूर्ण न केल्यास इसार जप्त होईल.' कर्ज नामंजूर झालं तर काय, हे कुठेच नव्हतं आणि आम्हालाही सुचलं नाही, कारण कर्ज मिळणारच असं धरून चाललो होतो. नाही मिळालं. विक्रेत्यांनी हात वर केले आणि कागद त्यांच्याच बाजूने होता. यांनी महिनाभर घरात तो विषय काढू दिला नाही.

पुढच्या घराच्या वेळी समासात हातानेच लिहिलं, 'बँकेने कर्ज नाकारल्यास इसार पूर्ण परत', आणि दोघांच्या सह्या घेतल्या. समोरचे दोन दिवस रुसले. मग केली सही.

*

वकिलांकडे काम करतो म्हणून थोडं लिहितो. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप पूर्ण मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास खटल्यात विक्रेत्याला २५,००० रुपये जप्त करायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यातला १,००० चा इसार ठेवू दिला, उरलेले २४,००० नाही. २०१५ च्या कैलाशनाथ प्रकरणात तर ज्या भूखंडाचा इसार जप्त केला, तोच भूखंड पुढे चढ्या भावाने विकला गेला होता. नुकसानच नाही, मग जप्ती कसली, असा निकाल लागला. लॉक-इनवाल्या दादांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

पण व्यवहार खरोखर खरेदीदारामुळे मोडला आणि पावतीत रक्कम 'इसार' म्हणून स्पष्ट लिहिलेली असेल, तर वाजवी इसार सहसा जातोच. म्हणून 'इसार' की 'आगाऊ रक्कम', हा शब्द सही करण्याआधी बघा.

*

दादा, मुद्दा पटला. पण तीन महिन्यांच्या भाड्यासाठी कोर्टाच्या किती पायऱ्या चढायच्या? मालकांनाही हे पक्कं माहीत असतं.

*

बुकिंगचं थोडक्यात: फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात 'रक्कम परत मिळणार नाही'. सही केली तेव्हा पेनसुद्धा त्यांचंच होतं. रेरा कायद्याच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कलम १३ प्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे मला नंतर कळलं. आम्ही १५ देऊन बसलो होतो. ते कलम दाखवल्यावर वरचे पाच आले, बाकीसाठी अजून खेपा चालू आहेत.

*

धागा मीच काढला होता, म्हणून पुढचं सांगते. मालकीणताईंचं वाचून काकांना मेसेज केला, "रंगाचं आणि किरकोळचं बिल पाठवता का?" दोन दिवस निळ्या खुणा, उत्तर नाही. आज सकाळी रंगाचं बिल आलं. त्यावर पत्ता त्यांच्या स्वतःच्या राहत्या घराचा आहे.