इन्स्टावर लाइक ढीगभर, मसाल्याच्या ऑर्डरी चारच (नाशिक)

इंदिरानगरची_मसालेवाली
घरगुती काळा मसाला, मिसळ मसाला आणि पातळ पोह्यांचा चिवडा विकते. इन्स्टाग्रामवर २,१०० फॉलोअर. मागच्या महिन्यात एका रीलला ३,००० रुपयांचं बूस्ट मारलं (पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवली). लाइक भरपूर, ऑर्डरी चार. मेसेज बहुतेक 'प्राइस?' एवढेच, उत्तर दिलं की माणूस गायब. निम्मे तर नाशिकचे नाहीतच. पुढच्या महिन्यात जास्तीत जास्त २,००० घालू शकते. कुठे चुकतंय? आणि पुण्याहून चिवड्याची विचारणा येते, पाठवावा का?

आधी_हिशेब
ताई, आधी खरा आकडा मांडा. ३,००० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० गेले. भागिले चार केलं तर एका ऑर्डरमागे ८८५ रुपये पडले. मसाल्यात एवढं सुटत नाही.

बूस्ट करताना ध्येय विचारतात, तिथे प्रोफाइल भेटी निवडलं असणार. मेटाची (इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची) यंत्रणा तुम्ही मागाल तेच आणून देते. प्रोफाइल बघणारे मागितले की दिवसभर रील चाळणारे, दिसेल तिथे बोट लावणारे लोक शोधते, आणि ते स्वस्तात मिळतात. मसाला घेणारे वेगळे.

बूस्टचं बटण सोडा. कॉम्प्युटरवर अ‍ॅड्स मॅनेजर (मेटाचं जाहिराती लावायचं पान) उघडून मेसेजचं ध्येय घ्या आणि मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर वळवा. (आयफोनच्या अ‍ॅपमधून बूस्ट केलं तर अ‍ॅपलचा ३० टक्के आकार वर बसतो, तोही वाचेल.) ठिकाणात 'भारत' किंवा 'महाराष्ट्र' ठेवू नका. नकाशावर इंदिरानगरला पिन टाका, ८ किलोमीटर. सिडको, पाथर्डी फाटा, कॉलेज रोड सगळं त्यात येतं. वय आणि आवड या गोष्टी मेटा हल्ली सूचना म्हणून घेते, पण ठिकाण पाळते. म्हणून तुमच्या हातातलं खरं हत्यार तेच.

रोज २४० प्रमाणे सात दिवस १,६८०, जीएसटी धरून १,९८२. जाहिरात संच (अॅड सेट, म्हणजे एक बजेट आणि एक गिऱ्हाइकांचा गट) एकच ठेवा. एका संचाला आठवड्यात साधारण ५० मेसेज मिळाले तर जाहिरात कोणाला दाखवायची ते यंत्रणा नीट शिकते. २४० चे तीन तुकडे केलेत तर एकही संच तिथवर पोचणार नाही. दुसऱ्या दिवशी घाबरून बजेट फार बदललं किंवा चित्र बदललं की शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

तर्रीबाज
वरचं बरोबर, पण 'प्राइस?' वाल्यांचा दोष नाही. भाव लपवला की विचारणारच. रीलवर मोठ्या अक्षरात लिहा: पाव किलो, अर्धा किलो, भाव, 'नाशिकमध्ये घरपोच'. ज्याला परवडत नाही तो तिथेच गळेल आणि तुमचा मेसेजचा पैसा वाचेल.

रील उभी, ९:१६. पहिल्या दोन-तीन सेकंदांत लोगो किंवा नमस्कार नको. थेट गरम कटावर चढणारी तर्री दाखवा, नाहीतर डंकावर कुटला जाणारा मसाला. ट्यूबलाइटखाली काळा मसाला चिखलासारखा दिसतो, सकाळी खिडकीजवळ शूट करा. खालच्या पट्टीत मजकूर टाकू नका, तो कॅप्शनखाली झाकला जातो. आणि सिनेमाचं गाणं लावलेली रील जाहिरातीला चालत नाही. डंकाचा मूळ आवाजच ठेवा, तो जास्त विकतो.

गल्लीतला_गिऱ्हाईक
माझं मत थोडं वेगळं. महिन्याला २,००० च असतील तर जाहिरात एक आठवडा करा, पण खरी कमाई जुन्या गिऱ्हाइकात आहे. मसाला दोन महिन्यांत संपतो, तेव्हा तुमचं नाव त्यांच्यासमोर यायला हवं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. कॅटलॉगमध्ये भावासकट माल भरा. नेहमीची उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवा. प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावा: 'काळा', 'मिसळ', 'फक्त दिवाळी'. ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पाकिटावर तुमच्या नंबरचा क्यूआर छापा आणि पहिल्या ऑर्डरलाच 'नंबर सेव्ह करा, ताजा घाणा निघाला की कळवते' असं सांगा. कुठून तरी आणलेल्या नंबरांवर मेसेज झोडू नका. लोक ब्लॉक करतात आणि नंबर बंद पडू शकतो.

गूगलवर बिझनेस प्रोफाइलही काढा, फुकट आहे. घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. रिव्ह्यू मागा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

इंदिरानगरची_मसालेवाली
नंबर सेव्ह करण्याचं माहीतच नव्हतं! आणि पुण्याचं?

आधी_हिशेब
चिवडा नको, मसाला पाठवा. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, बहुतेक ठिकाणी भागिले ५,०००. एक किलो चिवड्याला ३०×२५×१५ चा खोका लागला तर २.२५ किलोचं भाडं. शिवाय दाबून भरला तर पोह्यांचा चुरा, सैल भरला तर खोका आणखी मोठा. अर्धा किलो मसाला २०×१५×६ मध्ये बसतो, तिथे आकारमान ३६० ग्रॅमच निघतं, म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, तारीख आणि एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा खात्याचा) १४ आकडी क्रमांक हवाच.

तर्रीबाज
आणि तारखा सांभाळा. वर्षाचा मसाला लोक मार्च ते मेमध्ये भरतात, जाहिरात फेब्रुवारीअखेर सुरू करा. दिवाळीच्या आठवड्यात सगळेच पैसा ओततात, जाहिरात महाग पडते. चिवड्यासाठी तेव्हा ब्रॉडकास्ट यादीच वापरा, ऑर्डरी दसऱ्यापासून घ्या.