वर्षाच्या वर शोक केला की मनोरुग्ण?

तिरकस_पंत: काल एकाने इथे लिहिलं, 'चारचौघांपेक्षा वेगळा वागला की मानसशास्त्रवाले त्याला अपसामान्य (अ‍ॅबनॉर्मल) ठरवतात, गोळ्या खपवायचा धंदा.' खाली वाहवाच वाहवा! अहो, वेगळेपणा हा अनेक निकषांतला एक. त्या माणसाला त्रास होतो का, झोप-नोकरी-नाती कोलमडली का, त्याच्यापासून कुणाला धोका आहे का, हेही बघतात. पहाटे चारला गच्चीत बासरी वाजवणारा विक्षिप्त असेल, रुग्ण नव्हे. डीएसएम-५, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेचं विकारांचं निदान-पुस्तक, तर सांगतं, आप्ताच्या मृत्यूनंतरचं समाजमान्य वागणं हा विकार नाही.

निशिगंधा: मग त्याच डीएसएमच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत 'दीर्घकालीन शोक विकार' कुणी घातला? म्हणे वर्ष उलटल्यावर लागू. सासरे गेल्यावर सासूबाई दोन वर्षं रोज संध्याकाळी त्यांचा चहा गाळून ठेवायच्या, कपावर बशी झाकून. घर, भिशी सगळं नीट चालू होतं. त्या रुग्ण?

तिरकस_पंत: कोण म्हणतंय? महिनाभर तरी जवळपास रोज तीव्र ओढ, जगणं ठप्प, आणि हे सगळं समाजाच्या रीतीपलीकडे गेलेलं, असं असेल तरच. आधी वाचा तरी.

निशिगंधा: रीत ठरवणार समाजच ना? फिरून तिथेच आलात.

बोरूबहाद्दर: समाजावर सोडलं की काय होतं ते दिसलंच. समलैंगिकता १९७३ पर्यंत डीएसएमच्या यादीत होती. त्या डिसेंबरात संघटनेच्या विश्वस्तांनी ठराव करून काढली, १९७४ मध्ये सदस्यांच्या मतदानाने तो टिकला. हात वर केल्यावर बरा होणारा आजार ऐकलाय कुणी?

घाटावरचा: आमच्या काकूच्या अंगात यायचं नवरात्रात. आरतीला केस सोडून घुमायची, तासाभराने पुरण वाटायला हजर. शिकलेल्या पुतण्याने डॉक्टरकडे नेली. ते म्हणाले, घरी न्या, यांना काही झालेलं नाही.

विवेकी_माणूस: करा कौतुक! अंगात आल्याचं भासवून दहशत घालणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

घाटावरचा: काकूने कुणाला दहशत घातली? तोंड सांभाळून लिहा.

विवेकी_माणूस: तुमच्या काकूंना कोण बोललं? असल्या गोष्टींनीच बुवाबाजीला खतपाणी मिळतं.

तिरकस_पंत: भांडू नका. आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीनुसार, मनाविरुद्ध येणारं, धर्म-रूढीत न बसणारं आणि जगणं बिघडवणारं अंगात येणंच विकार. काकू सुटल्या.

घाटावरचा: सुटायला अडकली कधी होती?

मेडिक्लेमग्रस्त: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. तरी भावाचा क्लेम नाकारला, वर पत्रात स्पेलिंग चुकलेलं. व्याख्या कसल्या घालताय?

तिरकस_पंत: त्याच कायद्यात लिहिलंय की समाजाची नैतिक, सांस्कृतिक मूल्यं पाळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आता तरी पटलं?

निशिगंधा: पटलं हो, कायदा छान आहे. तुमच्या मंडळींवर भरवसा असता तर तो कलम घालून लिहावा लागला असता का, तेवढं सांगा.