ज्वारी ओतली की डब्याचा आकार घेते, मग ती द्रव का नाही?

सातरस्तावाला:
मंडळी एक प्रश्न आहे, हसू नका. पोरगी सातवीला. काल रात्री स्थायू द्रव वायू पाठ करत बसली होती, द्रव भांड्याचा आकार घेतो वगैरे, आणि तेवढ्यात तिची आई मंगळवेढ्याहून आलेली ज्वारी पोत्यातनं डब्यात ओतायला लागली. झालं. पप्पा ज्वारी पण डब्याचा आकार घेते की, मग ती द्रव का नाही? वर अजून एक, गाईडमधल्या चित्रात स्थायूचे कण चिकटून, द्रवाचे चांगले लांब लांब दाखवलेत, मग पाणी दाबलं की दबायला पाहिजे ना? आपण कॉमर्सवाले, बोलती बंद. कुणीतरी सोप्यात सांगा.

हुरडा_गँग:
खळ्यावर रास बघितलीय का कधी? ज्वारी ओतली की ढीग होतो आणि तसाच राहतो. पाण्याची रास करून दाखव म्हणावं पोरीला 😄 दाणा म्हणजे पुस्तकातला 'कण' नव्हे, गोंधळ तिथंच होतो. पाण्याच्या एका थेंबात कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी, त्याहून जास्तच रेणू असतात, दाण्यात पण असेच बेसुमार. ते आत एकमेकांना घट्ट धरून बसलेत म्हणून दाणा स्थायू, आणि डब्यात गेला तरी त्याचा आकार बदलत नाही. ओततोय आपण सुटे स्थायू. साखर, वाळू, रवा सगळं तसंच.

निवृत्त_मास्तर:
पोरीची दुसरी शंका जास्त भारी आहे. ते चित्र चुकीचंच आहे, बऱ्याच गाईडात तसंच असतं. द्रवातले कण जवळजवळ स्थायूइतकेच दाटीत असतात, फरक एवढाच की शेजारी बदलत राहतात, आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीसारखे, खेटून पण सरकतायत. स्थायूत जागा ठरलेली, जागच्या जागी थरथरायचं फक्त. लांब जातात ते वायूत. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १६०० पट जागा घेते, म्हणजे कणाकणातलं अंतर १२ पटीच्या आसपास. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, पाणी भरा, तोंडावर अंगठा दाबून दट्ट्या ढकला, हलणार नाही. मग हवा भरून तेच करा.
आणि हो, पाणी स्वतःच वांड आहे. बर्फ झालं की कण आणखी लांब जातात, जागा ९ टक्के वाढते. म्हणून बर्फ तरंगतो आणि फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते. परीक्षेत मात्र 'स्थायूचे कण सर्वात जवळ' असंच लिहा, नाहीतर मार्क जातील.

चादर_टॉवेल:
सर, जागच्या जागी थरथरतात म्हणता मग चादरींच्या ट्रंकेत टाकलेल्या डांबरगोळ्या चार महिन्यांत कुठं जातात? वितळलेल्या तर कधी दिसत नाहीत.

निवृत्त_मास्तर:
उडून जातात, थेट वायू होऊन. सगळे कण सारख्या जोरात थरथरत नसतात. वरच्या थरातला एखादा जोरकस निघाला की सुटलाच. तुमच्या माठाचं पण तेच, झिरपलेल्या पाण्यातले जोरकस कण आधी उडतात, मागं मंद राहतात, पाणी गार. आपल्याकडं मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून माठ जोरात चालतो, मुंबईच्या दमट हवेत एवढी मजा नाही.

सातरस्तावाला:
सिरिंज आणली, पाच रुपयात काम. पाणी दबलं थोडंसं, पोरगी लगेच 'बघा दबतंय', मग नीट बघितलं तर आत हवेचा बुडबुडा होता 😅 तो काढल्यावर दट्ट्या जाम. हवा मात्र निम्म्यापर्यंत दबली, सोडली की परत. आता नवीन प्रश्न, उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं ते स्थायू का द्रव? 🙏

हुरडा_गँग:
बे तुझी पोरगी मास्तरांची नोकरी घालवणार.

निवृत्त_मास्तर:
मी रिटायर आहे, बिनधास्त विचारू द्या. तिला सांगा, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ पासून एका नरसाळ्यात डांबरासारखा पिच ठेवलाय. हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो, पण वाहतोय. २०१४ पर्यंत ९ थेंब पडले.