संशोधन संस्थेत प्रशासकीय अधिकारी व्हावं का?

फाइलवाला_३१: केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या एका आरोग्य संशोधन संस्थेत सहायक म्हणून ६ वर्षं झाली. बढतीची वाट धरून पुढे प्रशासकीय अधिकारी व्हावं, की राज्यसेवेची पुस्तकं परत काढावीत? शास्त्रज्ञांच्या लेखी आम्ही म्हणजे फाइल अडवणारे. रोज तेच ऐकून वीट आलाय.

निवृत्त_एओ: ‘अडवणारी बाई’ ही पदवी मला पहिल्याच महिन्यात मिळाली होती, तेव्हा ते सोडा.

२०१९ सालचं सांगते. उणे ८० च्या फ्रीझरची फाइल आली. पीआयनी (प्रकल्पाच्या प्रमुख शास्त्रज्ञांनी) वर ‘अत्यंत तातडीचे’ लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या, आणि एकाच कंपनीकडून घ्यायचं म्हणून पीएसी, म्हणजे ‘ही वस्तू दुसरं कुणी बनवत नाही’ असं प्रमाणपत्र, जोडलेलं. मी क्वेरी टाकली. फाइल तशीच परत आली, रेघा मात्र तीन. मग तीच फाइल काखेत मारून खाली लॅबमध्ये गेले. (नोकरीची १४ वर्षं झाली होती, तोवर मी लॅबचं दार ओलांडलं नव्हतं. सांगायलाही लाज वाटते.) जुन्या फ्रीझरच्या दाराला सुतळीनं एक वही बांधलेली. दर चार तासांनी पेन्सिलीनं तापमान लिहिलेलं: उणे ७८, उणे ७१, उणे ६४. आत ९ वर्षांच्या पाठपुराव्यातले सीरमचे नमुने. आजचं रक्त उद्या परत घेता येईल, ९ वर्षांपूर्वीचं कुठून आणणार?

पीएसी मी काढायला लावलंच. असा फ्रीझर काही एकटीच कंपनी बनवत नाही, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या, म्हणजे जीएफआर २०१७ च्या, नियम १६६ मध्ये ते बसवायचं म्हणजे ओढूनताणून. जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) बोली काढली, मुदत कमीत कमी ठेवली, आणि कारण म्हणून त्या वहीच्या पानाची झेरॉक्स टिपणाला लावली. तोवर नमुने शेजारच्या विभागाच्या फ्रीझरमध्ये. ही युक्ती स्टोअरच्या शिपायाची, माझी नव्हे.

चार वर्षांनी ऑडिटवाल्यांनी विचारलं, इतकी घाई कशाला? पीआय तेव्हा निवृत्त झालेले. उत्तर द्यायला ते पानच होतं. अहवालात आक्षेपाचा पॅरा झाला नाही.

लेखा_शाखा: बाईंनी मार्च महिना वगळला! अखर्चित रक्कम, त्यावरचं व्याज, १२-अ नमुन्यातलं यूसी (अनुदान कशावर खर्च झालं याचं प्रमाणपत्र), आणि २० तारखेला जागे होणारे पीआय. हे झेपत असेल तरच या.

आणखी एक. घरी सगळे ‘सेंट्रल गव्हर्नमेंट’ म्हणतात, पण यातल्या बऱ्याच संस्था स्वायत्त. आयसीएमआरच घ्या: १९११ ची इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, १९४९ मध्ये नाव बदललं, तरी कागदोपत्री आजही नोंदणीकृत सोसायटीच. तेव्हा बढती, बदली, प्रतिनियुक्ती यांसाठी तुमच्या संस्थेचे भरती नियम आधी वाचा, कँटीनमधल्या गप्पा नंतर.

फाइलवाला_३१: भरती नियम मागवलेत. आणि आज जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये जाऊन आलो. आमच्याकडेही वही आहे. शेवटची नोंद ११ दिवसांपूर्वीची.

निवृत्त_एओ: राज्यसेवेचं नंतर बघू. आधी वर जाऊन कुणाला तरी सांग.