मदत हवी आहे: कोलायटिसला नऊ वर्षं झाली, त्रास काही नाही, तरी कोलोनोस्कोपी?

नमस्कार मंडळी,

वय २९. विसाव्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं (मोठ्या आतड्याच्या अस्तराची जुनाट सूज) निदान झालं. रिपोर्टवर 'पॅनकोलायटिस' लिहिलंय, म्हणजे जवळपास अख्खं मोठं आतडं. पहिली पाच-सहा वर्षं फार वाईट गेली. दिवसातून पंधरा वेळा पळापळ, रक्त, स्टेरॉइडने फुगलेला चेहरा. गेली तीन वर्षं मात्र मेसालाझिनवर (सूज दाबणाऱ्या गोळ्या) इतकं छान चाललंय की कधीकधी गोळ्याच विसरतो. (हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. इथे सांगतोय.)

परवा नव्या डॉक्टरांनी फाइल चाळली, पहिल्या निदानाच्या तारखेभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाले, "आठ वर्षं उलटली, आता कोलोनोस्कोपी करून घ्या." (गुदद्वारातून कॅमेरा घालून मोठं आतडं बघतात, ती.) म्हटलं, त्रास तर काहीच नाही. तर म्हणे, "म्हणूनच आत्ता." पुढच्या पेशंटला हाक गेली, मी बाहेर.

घरी जुना रिपोर्ट काढला, त्यात 'स्यूडोपॉलिप्स'. मग रात्री दोनपर्यंत नेट. आता साधा गॅस झाला तरी कॅन्सरच आठवतो. आधीच्या डॉक्टरांना हेच विचारलं होतं तेव्हा ते हसले होते, "या वयात कसला कॅन्सर?" नक्की कोणाचं खरं? मलतपासणीवर भागणार नाही का? आणि धाकट्या बहिणीला आयबीएस (सूज नसताना सारखं पोट बिघडण्याचा त्रास) आहे, तिलाही धोका आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

काठावरचा:
मी तुमच्याच पंथातला, सोळा वर्षं झाली. नवे डॉक्टर बरोबर आहेत. इथे वयापेक्षा आजाराचं वय मोजतात, तेही लक्षणं सुरू झाल्यापासून. सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली की अस्तरातल्या पेशी सारख्या मरतात, सारख्या नव्या बनतात, आणि त्या धांदलीत बिघाड साठत जातो. सूज फक्त गुदाशयापुरती असेल तर धोका फारसा वाढत नाही. तुमची सगळीकडे आहे, म्हणून आठ वर्षांची रेघ तुम्हाला लागू.

आकडे वाचून झोप उडाली असेल तर ऐका. २००१ साली जुने अभ्यास एकत्र करून जे गणित मांडलं होतं त्यात १० वर्षांनी २ टक्के, २० वर्षांनी ८, ३० वर्षांनी १८ असा धोका होता. नेटवर अजून तेच फिरतं. नंतरच्या अभ्यासांत तो बराच कमी दिसलाय. आणि गोळ्या विसरू नका राव! सूज दबलेली ठेवणं हाच अर्धा बचाव आहे.

स्लाइडवाला:
पॅथॉलॉजीत आहे, म्हणून "म्हणूनच आत्ता"चा अर्थ सांगतो. बायोप्सीत आम्ही डिस्प्लेसिया शोधतो, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. आतडं सुजलेलं असताना घेतलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली आला की पेशींची केंद्रकं नुसत्या सुजेनेही मोठी, गडद दिसतात. मग खात्रीने काहीच सांगता येत नाही, "सूज उतरल्यावर पुन्हा पाठवा" लिहावं लागतं आणि पेशंटला सगळं पुन्हा करावं लागतं. शांत आतड्यात हा घोळ होत नाही. शिवाय हा डिस्प्लेसिया पुष्कळदा सपाट असतो, नेहमीच्या पॉलिपसारखा उठून दिसत नाही. म्हणून काही ठिकाणी अस्तरावर निळा रंग फवारून बघतात. तशी सोय आहे का, विचारून ठेवा.

कॅलप्रोटेक्टिनची मलतपासणी सूज दाखवते, डिस्प्लेसिया नाही. रक्ताची मलतपासणीही तुमच्या बाबतीत कोलोनोस्कोपीची जागा घेत नाही. स्यूडोपॉलिप म्हणजे जुन्या लढाईच्या खुणा, ते स्वतः कॅन्सर होत नाहीत. पूर्वी सूज जोरात होती एवढं मात्र त्यातून कळतं.

दोन गोष्टी डॉक्टरांना जरूर सांगा: आई-वडील किंवा भावंडांत कोणाला आतड्याचा कॅन्सर झालाय का, आणि पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार तुम्हाला आहे का. पीएससी असेल तर आठ वर्षं थांबतच नाहीत, निदानापासून दरवर्षी तपासतात. बाकीच्यांना धोक्यानुसार एक ते पाच वर्षांनी.

निवांत:
बहिणीबद्दल: आयबीएसने कॅन्सरचा धोका वाढत नाही. पण शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, लोह कमी होऊन अ‍ॅनिमिया, यातलं काही असेल तर त्याला आयबीएस म्हणून गप्प बसू नये. मला वर्षभर मूळव्याध समजून मलमं दिली होती, निघाला कोलायटिस. "या वयात" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. पुढच्या आठवड्याची तारीख घेतली. गोळ्यांचंही कबूल केलं, ओरडा खाल्ला. पीएससी नाही, घरात कोणाला कॅन्सर नाही. आता फक्त ते पोट साफ करायचं औषध. मागच्या वेळी अर्ध्यावर उलटी झाली होती. काही युक्ती?

काठावरचा:
गार करा, स्ट्रॉ जिभेच्या मागे ठेवून प्या. दोन हप्त्यांत घ्यायची परवानगी आहे का, आधी विचारा. आणि त्या दिवशी फोनचा चार्जर आतच नेऊन ठेवा.